त्रेसष्ट वस्तू आणि स्टेपनीतली हवा

पत्र : काका, नमस्कार. ह्यांनी उन्हाळ्यात जुनी फोर-बाय-फोर थार घेतली, डिझेलची. तुळशीचं लग्न झालं की तीन गाड्या मिळून दोन दिवस बाहेर पडायचं ठरलंय. पहिल्या दिवशी जांबोटी, कणकुंबी, चोर्ल्याकडच्या कच्च्या वाटा आणि दुसऱ्या दिवशी चंदगडकडून तिलारी. ह्यांनी रात्र-रात्र व्हिडिओ बघून त्रेसष्ट वस्तूंची यादी केलीय. निम्मं सामान घरात येऊन पडलंय, आता टपावर कॅरिअर बसवायचं चाललंय. निम्मी वाट गाडी मी चालवणार आहे. सोबत नऊ वर्षांचा मुलगा आणि मामंजी. सासूबाई विचारतात, चंद्रावर चाललाय काय? खरंच एवढं सगळं लागतं का? काय घ्यावं आणि काय घरी ठेवावं? आणि मामंजींचा हट्ट आहे की त्यांची जुनी पहार न्यायचीच, त्याचं काय करू? – एक वाचक, शहापूर, बेळगाव

उत्तर : ताई, नमस्कार. सासूबाईंना सांगा, चंद्रावर जाणाऱ्यांनीसुद्धा वजन मोजूनच सामान नेलं होतं. तुमच्या घरात ते मोजायचं राहिलंय, एवढंच.

यादी दोनदा वाचली. निव्वळ फालतू अशा वस्तू त्यात फार नाहीत. मला खटकलं ते वेगळंच. त्रेसष्ट ओळींत ‘स्टेपनीची हवा बघणे’ ही ओळ कुठंच नाही. जॅकखाली टाकायची फळीही नाही. या दोन्ही गोष्टी बाजारात विकत मिळत नाहीत, म्हणून व्हिडिओत त्या कोणी दाखवत नाही.

मला का खटकलं तेही सांगतो. तीसेक वर्षं झाली असतील. आषाढाचा महिना, पाहुण्यांना घेऊन कणकुंबीच्या माउलीला निघालो होतो. गाडी माझीच, जीप. गॅरेज चालवणारा माणूस मी, त्यामुळं हत्यारांची पेटी भरगच्च. अलीकडच्या वळणावर मागचं चाक बसलं. पेटी कुठं होती? सगळ्यांच्या खाली. तिच्यावर तांदळाचं पोतं, प्रसादाची पातेली आणि एका म्हातारीचं गाठोडं. भर पावसात सगळा संसार रस्त्यावर मांडला. जॅक लावून दांडा हलवायला लागलो तर गाडी वर यायच्या ऐवजी जॅकच खाली निघाला. तांबड्या चिखलात बोट घालावं तसा आत गेला. जवळच्या घरातला एक माणूस बराच वेळ छत्रीखाली उभा राहून बघत होता. शेवटी काही न बोलता गोठ्यातली एक फळी घेऊन आला. फळीवर जॅक ठेवला, गाडी उचलली, चाक काढलं, स्टेपनी चढवली, जॅक सोडला आणि स्टेपनीही बसली. तिच्यात हवा शेवटची कधी भरली होती, देव जाणे. म्हातारी म्हणाली, ‘एवढी लोखंडं कशाला आणलीस रे?’ त्यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं.

म्हणून तुमच्या यजमानांना मी वस्तू वाढवा किंवा कमी करा असं सांगणार नाही. गाडी अडली की पहिला हात कशावर पडणार, हे आधी ठरवा. गाडीतली मांडणी त्याच क्रमानं झाली पाहिजे. शिवाय जी वस्तू अंगणात एकदा तरी वापरून बघितलेली नाही ती गाडीत चढवायची नाही. एवढ्या एका अटीवर तुमच्या यादीतल्या वीसेक वस्तू गळतील, मी पैज लावतो.

सगळ्यात जास्त अडवतात ती चाकं, म्हणून तिथंच जरा थांबतो. डांबरी रस्त्यावर किती हवा ठेवायची तो आकडा गाडीवर चिकटवलेल्या पट्टीवर किंवा पुस्तकात असतो, साधारण तीस पीएसआयच्या आसपास. कच्च्या चढावर, चिखलात किंवा वाळूत तीच हवा अठरा ते वीसवर आणली की टायर पसरतो, जमिनीला जास्त चिकटतो, आणि जिथं गाडी नुसती गुरगुरत होती तिथून मुकाट्यानं निघते. पंधराच्या खाली मात्र जाऊ नका, वळणावर टायर रिमवरून उतरतो. हवा कमी असताना गाडी सावकाश चालवायची आणि डांबर लागायच्या आत परत भरायची. यासाठी दोनच गोष्टी लागतात. एक हवा मोजायचं घड्याळ, तेही वेगळं घ्या, कंप्रेसरवरच्या घड्याळावर माझा भरवसा नाही. दुसरा कंप्रेसर. तो सिगारेट लायटरच्या भोकात खुपसायचा नको, तिथला फ्यूज मोठ्या कंप्रेसरचा भार पेलत नाही. थेट बॅटरीला चिमटे लावायचा घ्या आणि इंजिन चालू ठेवून वापरा. तीन गाड्यांत एक पुरतो, तिघांनी तीन घ्यायचं कारण नाही.

ट्यूबलेसचं पंक्चर काढायचं किट स्वस्त असतं. पण ती सुई टायरमध्ये घुसवायला किती जोर लागतो, हे पहिल्यांदा कळतं तेव्हा माणूस दचकतो. पंक्चरवाल्याकडून एक टाकाऊ टायर मागून आणा, त्याला खिळ्यानं भोक पाडा आणि दोघांनीही एकेक पट्टी भरून बघा. मुलालाही मजा येईल. फक्त एक ध्यानात असू द्या. आपल्याकडं वाटेत जांभा असतो आणि फुटलेल्या जांभ्याची कड कोयत्यासारखी असते. ती टायरची बगल चिरते. बगलेची चीर पट्टीनं भरत नाही, तिथं स्टेपनीच पाहिजे. म्हणून स्टेपनी चांगल्या टायरची पाहिजे. गुळगुळीत झालेला टायर स्टेपनीला टाकायची आपली जी रीत आहे ती या वाटांवर महागात पडते.

व्हील पान्याचंही तसंच. टायरच्या दुकानात मशीननं आवळलेले नट हातपान्यानं हलत नाहीत. घरी एकदा पाचही नट स्वतः सैल करून स्वतः आवळा. जोर कमी पडला तर पान्यात घालायला दोन-अडीच फुटांचा लोखंडी पाइप ठेवा. आणि नट सैल करायचे ते चाक जमिनीवर असतानाच, गाडी उचलल्यावर नाही. उचललेल्या गाडीशी झटापट केली की ती जॅकवरून सरकते. उचलायच्या चाकाच्या तिरक्या समोरच्या चाकाला दगड लावलेला असू द्या. जॅकखाली घालायला दीड-दोन इंच जाडीची, वीतभर रुंद फळी. उद्यमबागेत एखाद्या ओळखीच्या वर्कशॉपमधून लोखंडी पत्र्याचा तुकडा कापून फळीवर बसवून घेतलात तर आणखी बरं.

यादीत तो उंच, दातेरी, परदेशी पद्धतीचा जॅक आहे. दिसतो रुबाबदार. पण त्याचा दांडा सुटला की जबडा फोडतो, आणि गाडीला तो लावायची पक्की जागा पाहिजे. ज्यानं तो आयुष्यात वापरला नाही त्यानं तो पहिल्यांदा जंगलात वापरू नये. घरी ठेवा.

आता रुतण्याकडं. खानापूरची माती कुंभारांना आणि कौलांच्या भट्ट्यांना सोन्यासारखी आहे, पण ती कुंभाराच्या चाकावर शोभते, आपल्या चाकाखाली नाही. पाऊस संपून महिना झाला तरी झाडीतल्या सावलीत, ओढ्याच्या काठाला ती ओली राहते. रुतलं की माणूस पहिल्यांदा काय करतो? ॲक्सिलरेटर दाबतो. चाक जागेवर फिरतं, खड्डा करतं आणि पाचव्या मिनिटाला गाडी पोटावर बसते. चाक एकदा नुसतं फिरलं की थांबा. उतरा, हवा कमी करा, खोऱ्यानं चाकापुढची आणि पोटाखालची माती काढा, चाकाखाली गोणपाट किंवा काटक्या घाला आणि मग हळू काढा. दहातल्या बहुतेक वेळा दोरीची गरजच पडत नाही. म्हणून खोरं वर, हाताशी. घडीचं सैनिकी फावडं नको, लाकडी दांड्याचं शेतातलं खोरं. रिकामी पोती चार. चाकाखाली घालायच्या त्या रंगीत प्लॅस्टिकच्या पाट्या तीन गाड्यांत एक जोडी पुरे. त्यांच्यावर चाक जागेवर फिरवू नका, घर्षणानं दात वितळतात.

दोरीबद्दल मात्र मी तुम्हाला घाबरवणार आहे. रुतलेली गाडी ओढताना दोरी तुटली किंवा हुक सुटला तर समोरच्याचा जीव जातो. ही अतिशयोक्ती नाही. उसाच्या ट्रॉलीची जुनी साखळी किंवा वायररोप कोणी प्रेमानं दिला तर हात जोडून नको म्हणा. दोरी दोन प्रकारची येते. पॉलिएस्टरचा पट्टा ताणत नाही, तो सावकाश ओढून न्यायला. नायलॉनची जाड दोरी रबरासारखी ताणून गाडीला उसळी देते, ती रुतलेली गाडी उपसायला. नवशिक्यांनी पट्ट्यावरच भागवावं आणि पट्ट्याला झटका कधीच देऊ नये. भरलेली गाडी अडीच टनांच्या आसपास धरली तर दोरीची तुटण्याची ताकद त्याच्या दुप्पट-तिप्पट, म्हणजे पाच ते साडेसात टन पाहिजे. शॅकलवर, म्हणजे दोरी हुकाला जोडायच्या लोखंडी कडीवर, आकडा कोरलेला असतो, तो तुटण्याचा नव्हे, सुरक्षित भाराचा. पाऊण इंची चांगल्या शॅकलवर पावणेपाच टन लिहिलेलं दिसेल. काहीच लिहिलेलं नसेल तर तो शॅकल म्हशीला बांधायचा.

बांधायचं कुठं, हे घरीच गाडीखाली वाकून बघा. चॅसिसला बोल्टानं पक्का बसवलेला हुकच हवा. बंपर नको, ॲक्सल नको, आणि ट्रेलर ओढायचा गोल गोळा तर कधीच नको, तो तुटून बंदुकीच्या गोळीसारखा जातो. ओढताना दोरीच्या मध्यावर ओलं पोतं टाका, तुटली तर तिची झेप कमी होते. बाकी सगळे दोरीच्या दीडपट अंतरावर, बाजूला. तुमच्या मुलाचं काम एकच, आजोबांचा हात धरून लांब उभं राहणं. हे काम मामंजींना द्या म्हणजे दोघेही लांब राहतील.

ट्रॅक्टर मिळेल का? मिळेल. पण ते सुगीचे दिवस आहेत, भाताची कापणी-मळणी आणि उसाची तोड एकदमच येते, ट्रॅक्टरवाल्याचा तास मोलाचा असतो. त्याला पैसे विचारून द्या आणि दोरी आपली लावा. खानापूरच्या पश्चिमेकडच्या गावांत मराठी चालतंच. पुढे कधी गोकाक-सौंदत्तीच्या काळ्या रानात गेलात तर ‘गाडी सिक्कोंडैति, स्वल्प बर्री’ (गाडी अडकलीय, जरा या) एवढं कानडी पाठ ठेवा. हे वाक्य गाडी ओढायच्या कुठल्याही यंत्रापेक्षा, विंचपेक्षा हलकं आहे. आणि कुणाचा बांध मोडून गाडी काढू नका. बांधावरून भावाभावांत कोर्टकचेऱ्या होतात, तुम्ही तर परके.

सुट्या भागांचं थोडक्यात सांगतो. फॅनबेल्ट आणि रेडिएटरचे होज बदलून नवे घाला आणि उतरवलेले धड जुनेच स्पेअर म्हणून न्या, ते तुमच्या गाडीला बसतात याची खात्री झालेली असते. होज क्लिपा, फ्यूज, एक रिले, बाइंडिंग वायर, टेप, एम-सील, लिटरभर इंजिन ऑइल, कूलंट. पुरे. एक पाच रुपयांची गोष्ट यादीत नाही ती घाला, कपड्याची साबणवडी. दगड लागून डिझेलची टाकी झिरपायला लागली तर साबण चांगला घासून भोकात दाबून बसवा. डिझेलमध्ये साबण विरघळत नाही, गावापर्यंत पोचवतो. अल्टरनेटर, डिझेलचा पंप, बेअरिंग हे सगळं काढून टाका. ते बसवता येणारा माणूस सोबत नसेल तर ते स्पेअर नव्हे, वजन.

हत्यारांच्या एकशेआठ तुकड्यांच्या पेटीचंही तेच. एखाद्या रविवारी यजमानांनी गाडीखाली जाऊन खरोखर कुठले नट आहेत ते बघावं. देशी जीपचं बरंचसं काम दहा, तेरा, सतरा, एकोणीसच्या पान्यांत होतं. ते रिंग पाने, पक्कड, दोन स्क्रू ड्रायव्हर आणि हातोडी जुन्या पॅन्टच्या पायात गुंडाळा. पेटी खडखडते, कापड खडखडत नाही. जंपर केबल असू द्या. तांबडी आधी मेलेल्या बॅटरीच्या अधिक टोकाला, मग चांगल्या बॅटरीच्या अधिकला. काळी आधी चांगल्या बॅटरीच्या उणेला आणि शेवटचं टोक मेलेल्या गाडीच्या इंजिनाच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. गाडी तापली तर रेडिएटरचं झाकण लगेच उघडू नका, अर्धा तास चहा प्या.

टपावरचं कॅरिअर नको. जेवढं वजन वर जाईल तेवढी गाडी आडव्या उतारावर कलायला तयार. जड सामान खाली, दोन्ही ॲक्सलच्या मध्ये, पट्ट्यानं आवळून. मोकळा जॅक मागच्या सीटवरच्या मुलाच्या डोक्याच्या मागं असतो, हे चढ उतरताना आठवा. अग्निशामक मात्र ड्रायव्हरच्या हाताशी, डिकीत नाही. वाळक्या गवतावर तापलेला सायलेन्सर घेऊन गाडी उभी करू नका, म्हणजे तो वापरायची वेळ येणार नाही.

आणखी एक कारण सामान कमी ठेवायचं. चोर्ल्याच्या वाटेवर गोव्याकडून येणाऱ्या गाड्या दारूसाठी तपासतात. त्रेसष्ट वस्तू पोलिसापुढं एकेक करून उतरवायची हौस असेल तर वेगळी गोष्ट.

आता यादीतला करवतीचा यंत्रप्रकार आणि दोन कोयते. भीमगड अभयारण्य तिथंच लागून आहे, 2011 साली जाहीर झालेलं. 1972च्या वन्यजीव कायद्यानं अभयारण्यात परवानगीशिवाय हत्यार घेऊन शिरायला मनाई आहे, आणि हत्याराच्या व्याख्येत सुरीही येते. जाळ करायलाही मनाई आहे, म्हणजे यादीतली कॅम्पफायरची लाकडं आणि जाळीही गेली. आत वाट दिसते म्हणून शिरायचं नाही, वनखात्याला विचारून, जी वाट मोकळी आहे तीच धरायची. संध्याकाळनंतर त्या भागात गवे रस्त्यावर येतात, अस्वलंही आहेत. अंधारात चाक बदलायची वेळ येऊ नये म्हणून चारच्या पुढं नवीन कच्च्या वाटेला लागू नका. डोक्याला बांधायची बॅटरी दोघांना दोन घ्या, हातात धरायची बॅटरी धरायला एक माणूस अडकतो.

ओढा लागला तर आधी माणूस चालत जातो, मागून गाडी. नोव्हेंबरात फार पाणी नसतं. पावसाळ्यात जायचा मोह झाला तर आधी हब्बनहट्टीची बातमी बघा. तिथला मलप्रभा नदीतला मारुती पाण्याखाली गेला असेल तर घरी बसा.

माणसांचं सामान वेगळ्या पिशवीत, पुढच्या सीटखाली. मामंजींच्या गोळ्या दोन दिवसांच्या ऐवजी चार दिवसांच्या. पिण्याचं पाणी माणशी रोज तीन-चार लिटर, गाडीसाठी पाच लिटर वेगळं. मीठ-साखरेची पुडी, पट्ट्या, जंतुनाशक. साप चावला तर चिरायचं नाही, चोखायचं नाही, दोरी आवळायची नाही. चावलेला हात-पाय फळीला बांधून स्थिर ठेवायचा आणि लस असलेल्या दवाखान्यात न्यायचं. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर आपली लस चालते. लस कुठल्या दवाखान्यात आहे हे निघायच्या आधी फोन करून विचारा, चावल्यावर नाही. जळवांचा हंगाम सरत आलेला असतो, तरी निपाणीचा तंबाखू चिमूटभर कापडात बांधून ठेवा. गावची माणसं तेच पायाला चोळतात.

आत शिरलं की फोनला रेंज नसते, आणि जिथं असते तिथं तो कधी गोव्याचा, कधी महाराष्ट्राचा टॉवर पकडतो. नकाशे आधीच उतरवून घ्या. घरी सासूबाईंकडं एक चिठ्ठी द्या. कुठून कुठं, रात्री कुठं, गाड्यांचे नंबर, आणि आठपर्यंत फोन आला नाही तर कोणाला फोन करायचा. रेंजमध्ये असाल तर 112. डिझेल बेळगावातच काठोकाठ भरा. खालच्या गिअरात गाडी एरवीच्या दीडपट-दुप्पट पिते. टपावर कॅन बांधायचा विचार असेल तर तोही कॅरिअरबरोबर गेला.

खाण्याचं मी सांगायला नको. कडक भाकरी, शेंगाचटणी, गूळ. परदेशी पाकिटातलं सुकं जेवण यादीत बघून मला हसू आलं. आपल्याकडं ते शेकडो वर्षं आहे, त्याला आपण भाकरी म्हणतो. कुंदा न्या, पण तो आपत्कालीन सामानात धरू नका.

राहिली मामंजींची पहार. ती न्या. चाकाखाली अडकलेला जांभ्याचा धोंडा उचकटायला तिच्यासारखं दुसरं काही नाही, व्हिडिओतलं एकही हत्यार ते काम करत नाही. फक्त जमिनीत रोवून तिला दोरी बांधून गाडी ओढायचा प्रयोग करू नका, ती उपटून येते. मागच्या सीटच्या खाली आडवी, दोन्ही टोकांना पोतं गुंडाळून, दोन जागी बांधून ठेवा. आणि टोक बोथट झालं असेल तर निघायच्या आधी मामंजींनाच लोहाराकडं पाठवा.